व्हिडिओ गेमच्या बोर्डावरचं बिघडलेलं चित्र: विदर्भातल्या दुरुस्तीची पार्श्वभूमी

गेल्या काही वर्षांत अमरावती, वर्धा, यवतमाळकडच्या भंगार दुकानांतून जुन्या व्हिडिओ गेमचे बोर्ड पुन्हा बाहेर निघू लागले आहेत. पार्लर बंद पडल्यावर माळ्यावर किंवा पोत्यात बांधून ठेवलेला हा माल. बोर्ड आणणाऱ्याची तक्रार बहुधा एकच असते: गेम चालू होतो, आवाज येतो, ठोसे मारलेलेही ऐकू येतात, पण पडद्यावर नुसता कचरा. आवाज ठणठणीत आणि चित्र मात्र फाटलेलं, हे कसं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये चित्रासाठी वेगळी यंत्रणा जवळपास नव्हती. प्रोसेसर सुमारे ७ केबी मेमरीत एकेक ठिपका मांडायचा आणि तीच मेमरी सरळ पडद्यावर जायची. १९७९ च्या 'गॅलेक्सियन'ने हलत्या रंगीत आकृत्यांचं काम स्वतंत्र सर्किटकडे दिलं. १९८० च्या 'पॅकमॅन'मध्ये पडदा ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींत विभागलेला होता. अमुक जागी अमुक नंबरची चौकट ठेव, एवढंच प्रोसेसर सांगणार. ती चौकट रॉममधून, म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या चिपेतून, काढायची, तिच्यात रंग भरायचा, तिच्यावर माणूस किंवा भूत बसवायचं, हे सगळं बाजूच्या चिपांनी करायचं. तेव्हापासून गेम आतल्या आत बिनचूक चालू असतानाही चित्र मरू शकतं. दुरुस्तीतला 'ग्राफिकचा फॉल्ट' हा प्रकार इथून सुरू झाला.

आपल्याकडे त्याला वेगळं वळण मिळालं ते जोडणीमुळे. १९८५ मध्ये जपानी उत्पादकांनी ५६ टोकांचा एकच कनेक्टर ठरवला. वीज, चित्र, आवाज, बटणं, सगळं त्यातूनच. त्यामुळे पेटी, म्हणजे पडदा आणि बटणं बसवलेलं कपाट, तीच ठेवून फक्त बोर्ड बदलता येऊ लागला. तालुक्याच्या ठिकाणी पार्लरवाल्याला चित्र बिघडलं म्हणून धंदा थांबवायची गरज उरली नाही. एक बोर्ड ओढून काढायचा, दुसरा खुपसायचा, बिघडलेला नागपूरला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायचा. दुरुस्ती नजरेआड होत राहिली, म्हणून तिचं ज्ञान गावात फारसं मुरलं नाही. जे मुरलं ते टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडे, आणि तेही पॉवर सप्लाय आणि पिक्चर ट्यूबपुरतं.

नव्वदच्या दशकात 'स्नो ब्रदर्स', 'स्ट्रीट फायटर २' आणि १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स', ज्याला आपण सगळे 'मुस्तफा'च म्हणायचो, यांनी पार्लर भरून गेले. खरा धंदा उन्हाळ्याच्या सुट्टीतला. बाहेर ४५ अंश, वर टिनाचं छप्पर, बंद पेटीत पिक्चर ट्यूबची उष्णता वेगळी. बोर्डावरच्या बहुतेक चिपा ० ते ७० अंशांसाठी बनवलेल्या. म्हणजे वर्षातल्या सर्वांत वाईट हवेत या बोर्डांनी सर्वांत जास्त तास काम केलं. तापणं आणि निवणं रोज होत राहिलं की सॉकेटात बसवलेली चिप हळूहळू वर सरकते. बहिरमसारख्या महिनाभराच्या यात्रेत पेट्या गाडीतून हादरत जायच्या, ती भर वेगळी. रॉमच्या चिपा अंगठ्याने दाबल्या आणि चित्र परत आलं, असं इतक्यांदा व्हायचं की पुष्कळ जण त्यालाच दुरुस्ती समजू लागले.

दुसरी वाईट सवय वीजपुरवठ्याची. बोर्डाला ५ व्होल्ट लागतात, ४.७५ ते ५.२५ च्या मधले, आणि तेही चिपेच्या पायांवर मोजलेले. हार्नेसच्या, म्हणजे पेटीतून बोर्डाकडे येणाऱ्या तारांच्या जुडग्याच्या, काळ्या पडलेल्या टोकांवर अर्धा व्होल्ट गळला की गेम रिसेट व्हायचा. मग टोकं घासायची सोडून सप्लायचा व्होल्टेज वाढवणारा स्क्रू फिरवला जायचा. पुढे कोणी टोकं साफ केली की तोच वाढवलेला दाब पूर्णपणे बोर्डावर यायचा. आज हाती येणाऱ्या कित्येक बोर्डांवर मेलेल्या चिपांची रांग दिसते, त्यामागे हा स्क्रू असावा असं माझं मत आहे.

चित्र मात्र आपण होऊन पुष्कळ सांगतं. आकार बरोबर पण रंग भलते, तर रंगांची यादी ठेवणारी पॅलेट मेमरी किंवा तिच्या पुढचे रेझिस्टर. मागचा देखावा नीट पण माणसं तुटलेली, तर हलत्या आकृत्यांचं सर्किट. प्रत्येक चौकटीत सारख्या अंतरावर उभ्या रेघा, तर चित्राच्या रॉमची एखादी डेटा लाइन किंवा तिच्यापुढचा शिफ्ट रजिस्टर, म्हणजे ठिपके एकेक करून पुढे सरकवणारी चिप. अक्षरं स्वच्छ पण चुकीची, तर चौकटींचे नंबर ठेवणारी मेमरी.

शेवटच्या खुणेचं एक उदाहरण. 'इन्सर्ट कॉइन' ही पाटी पाहा. अक्षरांचे नंबर नेहमीच्या क्रमाने, म्हणजे 'ए'ला ६५, 'बी'ला ६६ असे असले आणि मेमरीची सर्वांत खालची, म्हणजे नंबर सम की विषम हे ठरवणारी, लाइन कायमची १ वर अडकली, तर सम नंबरचं प्रत्येक अक्षर एक घर पुढे सरकतं. 'एन'चा 'ओ' होतो, 'आर'चा 'एस', 'टी'चा 'यू'. आय, एस, ई, सी, ओ यांचे नंबर विषम, म्हणून ती जागची हलत नाहीत. पडद्यावर दिसतं आय-ओ-एस-ई-एस-यू, सी-ओ-आय-ओ. मल्टिमीटर हातात घ्यायच्या आधीच कुठली मेमरी आणि तिची कुठली लाइन हे कळलेलं असतं. ही पाटी वाचताना मला अजून तितकाच आनंद होतो.

आता वादाचा मुद्दा. विदर्भातल्या पार्लरमध्ये जे बोर्ड होते त्यांतले बहुतेक मूळ कंपनीचे नव्हते, कॉपी होते. आज जुने बोर्ड जमवणाऱ्यांत एक ठाम मत आहे की कॉपी बोर्ड दुरुस्त करू नये. चोरीचा माल, पातळ ट्रॅक, सर्किटचा नकाशा कुठेच नाही. त्याच्या मेमरी आणि रॉम उपटाव्यात आणि मूळ बोर्ड जगवावा. पातळ ट्रॅकची तक्रार खरी आहे. जास्त तापवलं तर चिपेबरोबर तांब्याची पट्टीही उचलून येते. चोरीचं म्हणणंही नाकारता येत नाही.

पण दुरुस्तीच्या बाजूने पाहिलं तर चित्र उलटं आहे. मूळ 'मुस्तफा'च्या बोर्डात चित्राचं मुख्य काम कंपनीने स्वतः बनवलेल्या चिपा करतात. त्या बाजारात कधी सुट्या मिळाल्या नाहीत. एक जळली की बहुधा दुसऱ्या बोर्डातून काढूनच लावावी लागते, म्हणजे एक बोर्ड वाचवायला एक मारायचा. त्यावर बॅटरी. चित्राच्या चिपेची मांडणी बॅटरीच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली की चिप ती विसरते आणि गेमचं चित्र बिघडतं किंवा येतच नाही. कॉपी करणाऱ्यांना त्या चिपा मिळत नव्हत्या. म्हणून त्यांनी तेच काम ७४ मालिकेच्या, म्हणजे बाजारात सुट्या मिळणाऱ्या साध्या लॉजिक चिपा आणि थोड्या प्रोग्रॅम केलेल्या चिपा वापरून उभं केलं, आणि बॅटरी वगळली. आवाज थोडा हलका, रंगात कुठे फरक, पण प्रत्येक पायरी प्रोबने तपासता येते. पायावर १ आहे की ० हे दाखवणारा लॉजिक प्रोब टेकवला आणि धड १ नाही, धड ० नाही असा तरंगता पाय सापडला की ती चिप काढायची, तीच नागपूरहून नवी आणायची. ज्या गावात सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप नाही तिथे असा बोर्ड दुरुस्त होऊ शकतो. आणि इथल्या पोरांनी जो गेम खेळला तो याच बोर्डावर खेळला. त्याला सुट्या भागांचं खोकं समजणं मला पटत नाही.

बाकीचा इतिहास अलीकडचा आहे. २००५ च्या आसपास भारनियमन वाढलं, ग्रामीण भागात रोज कित्येक तास वीज नसायची आणि ती परत येताना झटका देऊन यायची. सायबर कॅफे, मग मोबाइल आले. उरलेल्या पेट्यांत एकाच बोर्डावर साठ गेम देणारे स्वस्त बोर्ड बसले आणि जुने भंगारात गेले. त्याच काळात दुरुस्तीची माहिती मात्र वाढली. जुने गेम संगणकावर चालवणाऱ्या, १९९७ पासून चालत आलेल्या एका इम्युलेटर प्रकल्पाने हजारो गेमच्या रॉमच्या चेकसम याद्या (मजकूर बरोबर आहे का हे ताडून पाहायचे आकडे) आणि मेमरीचे नकाशे सर्वांसाठी खुले केले. त्यामुळे रॉम खराब आहे की बरा, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. यूएसबीवर चालणारे रॉम प्रोग्रॅमर, म्हणजे रॉम वाचणारी आणि लिहिणारी यंत्रं, सामान्य मेकॅनिकला परवडू लागले. बॅटरी मेलेल्या मूळ बोर्डांना पुन्हा जिवंत करायच्या रीती निघाल्या, आणि मूळ बोर्डांची किंमत त्यामुळे वाढली. कॉपी बोर्डांकडे लक्ष गेलं नाही ते नाहीच.

अडचण अशी की कॉपी बोर्डांच्या सगळ्या तऱ्हा त्या याद्यांत नाहीत. कोणी रंग बदलले, कोणी लढाईची पातळी बदलली. हे बदल ज्या रॉममध्ये आहेत त्यांना आतला मजकूर प्रकाशाने पुसता यावा म्हणून काचेची खिडकी असते. थेट उन्हात साधारण आठवडाभर राहिलं तर असा रॉम पुसला जाऊ शकतो, असं उत्पादकांच्याच माहितीपत्रकांत लिहिलेलं असे. वरचं लेबल उष्णतेने सुकून गळतं, आणि आपल्याकडे बोर्ड धुऊन अंगणात वाळत घालायची पद्धत आहे. असा एखादा रॉम गेला तर बदलायला प्रत मिळेलच असं नाही. म्हणून बोर्ड हाती आला की वीज जोडायच्या आधी खिडक्यांवर काळी पट्टी लावावी, प्रत्येक रॉम प्रोग्रॅमरवर वाचून त्याची फाइल दोन ठिकाणी ठेवावी, आणि मगच चित्राच्या मागे लागावं.