नेट फास्ट आहे, तरी व्हिडिओ अडखळतो का?

घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ मध्येच झटके घेऊ लागला की पहिला आळ नेटवर येतो आणि दुसरा रॅमवर. मग माऊसचं उजवं बटण दाबून डेस्कटॉप चार-पाच वेळा 'रिफ्रेश' केला जातो. रिफ्रेशने डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा काढले जातात, एवढंच. त्याने रॅम मोकळी होत नाही, प्रोसेसर पळायला लागत नाही आणि व्हिडिओशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही. 'पीसी बूस्टर' आणि 'रजिस्ट्री क्लीनर' नावाने मिळणारी सॉफ्टवेअरं त्याच जातीची. ती टाकूच नयेत, कारण मागे सतत चालू राहून तीच कधीकधी झटक्यांचं कारण होतात.

नेटचा दोष ओळखणं सोपं असतं. नेट कमी पडलं की चित्र गोठतं, गोल चक्र फिरू लागतं आणि आवाजही थांबतो. आवाज सलग चालू आहे पण चित्र अडखळतंय, तर कारण बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या आतच असतं. खात्रीसाठी यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवं क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. 'बफर हेल्थ', म्हणजे आधीच उतरवून ठेवलेला पुढचा व्हिडिओ, वीस-तीस सेकंद दाखवत असेल तर नेट निर्दोष आहे. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं, त्यातलं प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. त्याच चौकटीत 'ड्रॉप्ड', म्हणजे दाखवायच्या राहून गेलेल्या फ्रेम्सचा आकडा दिसतो. व्हिडिओ पाहताना तो वाढत जातोय का, हे दोन मिनिटं बघा. पुढची सगळी दिशा या एका आकड्यावर ठरते.

आकडा वाढत असेल तर कॉम्प्युटरला दाबून लहान केलेला व्हिडिओ उलगडायला वेळ पुरत नाहीये. ४के व्हिडिओची एक फ्रेम उलगडल्यावर साधारण १२ एमबीची होते. सेकंदाला ६० फ्रेम्स म्हणजे सुमारे ७५० एमबी. हे काम ग्राफिक्स चिपमधला खास डीकोडर आरामात करतो, पण त्याला तो कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबण्याची ती पद्धत, माहीत असावी लागते. इंटेलच्या चिपमध्ये एव्ही१ हा कोडेक उलगडण्याची सोय अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० पासून आली. त्याआधीच्या लॅपटॉपवर एव्ही१ व्हिडिओ आला की सगळा भार प्रोसेसरवर पडतो. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', मग 'जीपीयू' उघडा. 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख शून्यावर आणि सीपीयू ८०-९० टक्क्यांवर असेल तर हेच घडतंय. ब्राउझरच्या 'सिस्टीम' सेटिंगमध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन चालू करा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाका, आणि तरीही भागलं नाही तर १०८०पी वर उतरा.

पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळं सुरळीत आणि मग झटके, असं असेल तर संशय उष्णतेवर घ्या. चिप तापली की स्वतःचा वेग कमी करते. पंख्याच्या जाळीतली धूळ साफ करा, लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा. चार-पाच वर्षं जुन्या मशीनमध्ये चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते; ती बदलून घ्यावी.

खरी गंमत ड्रॉप्डचा आकडा शून्यावर असूनही चित्र अडखळतं तेव्हा आहे. नवा महागडा कॉम्प्युटर, थंडगार चिप, सीपीयू पाच टक्के. तरीही दर थोड्या वेळाने कॅमेरा आडवा सरकताना किंवा खालची बातम्यांची पट्टी धावताना दोन-तीन सेकंद खडखडाट, मग पुन्हा सगळं गुळगुळीत. इथे ताकद कमी पडत नाही, वेळ जुळत नाही.

मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल तर सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर १६.६७ मिलिसेकंदांनी तो नवं चित्र उचलतो. त्या ठोक्याच्या अधेमध्ये तयार झालेल्या फ्रेमला पुढच्या ठोक्यापर्यंत थांबावं लागतं. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम्सचा असेल तर प्रत्येक फ्रेम बरोबर दोन ठोके दिसायला हवी. पण मॉनिटरचा ठोका ग्राफिक्स चिपच्या घड्याळावर पडतो, आणि व्हिडिओ प्लेयर सहसा चालतो साउंड कार्डच्या घड्याळावर. प्लेयर आवाजाला धरून राहतो, कारण आवाजातली बारीकशी फटही कानाला लगेच टोचते, तर एखादी फ्रेम जास्त वेळ दिसली तर डोळा ते बऱ्याचदा चालवून घेतो. ही दोन घड्याळं वेगळ्या स्फटिकांवर चालतात आणि कधीच तंतोतंत जुळत नाहीत. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या दोन रिक्षांचे इंडिकेटर बघा: काही वेळ एकदम लुकलुकतात, हळूहळू फारकत घेतात, मग पुन्हा जुळतात.

आता आकडे घाला. दोन घड्याळांत दहा लाखांत ५० एवढाच फरक असेल, तर फ्रेम बदलण्याचा क्षण मॉनिटरच्या ठोक्याच्या तुलनेत सेकंदाला ०.०५ मिलिसेकंद सरकतो. पूर्ण १६.६७ मिलिसेकंद सरकायला ३३३ सेकंद, म्हणजे साडेपाच मिनिटं लागतात. त्यातला बराचसा काळ हा क्षण दोन ठोक्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. पण तो ठोक्याच्या अगदी कडेवर आला, की प्लेयरच्या कामातली एक-दोन मिलिसेकंदांची नेहमीची चलबिचल पुरते. एक फ्रेम ठोक्याआधी पोचते, पुढची ठोका चुकवते. दोन-दोनच्या जागी फ्रेम्स एक ठोका, तीन ठोके, पुन्हा एक, पुन्हा तीन अशा दिसू लागतात. एकही फ्रेम गळलेली नसते, म्हणून आकडा शून्य. हालचाल मात्र फाटते. चलबिचल एकूण दोन मिलिसेकंदांची धरली तर हा प्रकार ४० सेकंद चालतो आणि मग आपोआप मिटतो.

बऱ्याच मॉनिटरवर घड्याळांतला फरक याहून मोठा असतो. विंडोजमध्ये 'सिस्टीम', 'डिस्प्ले', 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले' इथे बघा: ६० च्या जागी ५९.९५ असा आकडा सापडेल. मग हेच चक्र दर वीस सेकंदांनी येतं आणि खडखडाट दोन-अडीच सेकंद टिकतो.

यावरून 'पॉज करून पुन्हा चालू केलं की ठीक होतं' या अनुभवाचाही उलगडा होतो. पॉजनंतर व्हिडिओ ठोक्याच्या तुलनेत नव्या, यादृच्छिक क्षणी सुरू होतो. ३३३ सेकंदांतले ४० च वाईट असल्यामुळे नवा क्षण बहुधा चांगला निघतो. मधल्या वेळात केलेल्या रिफ्रेशला श्रेय मिळतं, आणि समजूत पक्की होते.

चित्रपटांचा पेच वेगळा आहे. त्यांचा वेग बहुधा सेकंदाला २३.९७६ फ्रेम्स असतो. हा विचित्र आकडा अमेरिकेतून आला. १९५३ मध्ये तिथे टीव्हीत रंग घालताना, रंगाचा आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत घुसू नये म्हणून फ्रेमचा वेग १००१ ला १००० या प्रमाणात कमी केला गेला. ६० चे ५९.९४ झाले आणि २४ चे २३.९७६. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर या फ्रेम्स दोन ठोके, तीन ठोके अशा आळीपाळीने दिसतात, आणि वर साधारण दर १७ सेकंदांनी एक ठोका जादा पडतो. म्हणून सेटिंगमध्ये ५९.९४ आणि ६० असे दोन्ही पर्याय असतील तर चित्रपटासाठी ५९.९४ निवडा. हा पर्याय उगाच दिलेला नाही.

आपल्या मराठी मालिकांचं गणित आणखी निराळं. भारतात १९८२ मध्ये रंगीत टीव्ही आला तो पॅल या प्रक्षेपण पद्धतीने, सेकंदाला २५ फ्रेम्स. ६० ला २५ ने भागलं तर २.४ येतात: पाच फ्रेम्स बारा ठोक्यांत बसवायच्या, म्हणजे दोन, दोन, तीन, दोन, तीन. पात्र चालत खोली ओलांडतं तेव्हा हे जाणवतं. १२० हर्ट्‌झचा मॉनिटर २४, ३० आणि ६० या तिघांना पूर्ण भाग देतो, २५ ला देत नाही. दुकानात 'जास्त हर्ट्‌झ म्हणजे सगळं स्मूथ' असं सांगतात, तेव्हा ही बाब निसटते.

उपाय तीन. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडून मालिका बघत असाल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्याच्या सेकंदाच्या ठोक्यांचा आकडा, ५० करा. आपल्याकडचे टीव्ही तो घेतात. डाउनलोड केलेल्या फाइलसाठी एमपीव्ही प्लेयर वापरा आणि त्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ-सिंक 'डिस्प्ले-रिसॅम्पल'वर ठेवा. मग प्लेयर मॉनिटरच्या घड्याळावर चालतो आणि आवाज किंचित ताणतो किंवा आवळतो, ०.१ टक्क्याचा हा फरक कानाला कळत नाही. आणि एक ६० चा, एक १४४ चा असे दोन मॉनिटर जोडलेले असतील तर एक काढून तोच व्हिडिओ पुन्हा लावून बघा. झटके गेले तर दोन्ही मॉनिटर एकाच रिफ्रेश रेटवर आणा.