कंटेनरमधील घरसामानाची भरपाई कोण देते?

परदेशी स्थलांतर करताना कंटेनरने पाठवलेल्या घरसामानाचे नुकसान झाल्यास जहाज कंपनी पूर्ण किंमत देते, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो. भाडे घेणाऱ्याने जबाबदारी घ्यावी, ही अपेक्षा रास्तच आहे; परंतु वस्तूचे मूल्य आधी जाहीर करून बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनी देते ती मालाची पावती व वाहतुकीचा दस्तऐवज) नोंदवलेले नसेल, तर सागरी मालवाहतुकीच्या हेग-विस्बी या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार भरपाईची कमाल मर्यादा प्रति नग ६६६.६७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक) किंवा प्रति किलो २ एसडीआर, यांपैकी जी अधिक ती, एवढीच असते. उलट, संकटातील जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, तर ‘जनरल ॲव्हरेज’च्या तत्त्वानुसार ज्यांचे सामान सुखरूप आहे त्यांनाही त्या हानीचा वाटा उचलावा लागतो. खात्रीसाठी बिल ऑफ लेडिंगच्या मागील बारीक अक्षरांतील अटी वाचाव्यात आणि स्वतंत्र सागरी विमा असल्यास, घरी स्वतः बांधलेल्या खोक्यांतील फूटतूट त्यात धरली आहे का, हे पॉलिसीत पाहावे. बहुधा ती वगळलेली असते.