पक्ष्यांच्या पायातले कडे : स्थलांतराच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

हिवाळ्यात आपल्या पाणथळींवर उतरणारी भुवई बदके आणि तलवार बदके नेमकी कुठून येतात, हे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुतांशी अंदाजानेच सांगितले जात असे. इंग्रज अधिकारी आणि संस्थानिक शिकारीच्या नोंदवहीत थव्यांच्या येण्या-जाण्याच्या तारखा टिपून ठेवत, पण त्यांतला एखादा विशिष्ट पक्षी पुढे कुठे गेला, हे कळायला मार्ग नव्हता. तो मार्ग डेन्मार्कमधील हान्स ख्रिस्टियन मॉर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ मध्ये दाखवला. त्याने साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली अॅल्युमिनियमची कडी चढवली.

भारतात १९२० च्या दशकात धार संस्थानच्या महाराजांनी बदकांना अशी कडी घातली. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या कामाचे केंद्र होती. कड्यावर ‘इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी’ एवढी इंग्रजी अक्षरे आणि एक क्रमांक असे. पक्षी मारणाऱ्याने किंवा मेलेला पक्षी सापडलेल्या माणसाने आपण होऊन पत्र पाठवले, तरच त्या क्रमांकाला अर्थ येई. त्यामुळे शिकाऱ्यांच्या सौजन्यावर हे शास्त्र बराच काळ चालले, असे म्हणण्यास हरकत नाही.

मोठ्या प्रमाणावरचे काम मात्र पक्षिप्रेमातून नव्हे, तर एका साथीतून उभे राहिले. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासची माणसेही तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी वेगळा केलेला विषाणू रशियात आढळणाऱ्या, गोचिडांमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी जवळचे नाते सांगत होता. साहजिकच उत्तरेकडून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडांसह हा रोग आणत असावेत, असा संशय आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ मध्ये सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. बारीक धाग्यांच्या उभ्या जाळ्यांत, तसेच बिहारमधील मिरशिकार समाजाच्या पारंपरिक कौशल्याने पक्षी पकडायचे, गोचिडे गोळा करायची, कडे घालायचे आणि पक्ष्याला सोडून द्यायचे, असा क्रम होता. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराच्या संशोधन विभागाचा निधी मिळाला आणि त्यावरून १९७० च्या दशकात जैविक युद्धाच्या शंकेने संसदेत वादळ उठले.

पक्ष्यांवरचा मूळ संशय काही सिद्ध झाला नाही. भरतपूरला कडे घातलेली बदके मात्र सायबेरिया आणि कझाकस्तानात सापडली, आणि अंदाजाची जागा पुराव्याने घेतली.

ठाणे खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या पाठीवर २०२२ मध्ये उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवल्यावर त्यांचा गुजरातकडचा प्रवास जवळजवळ रोजच्या रोज कळू लागला. परंतु अशा यंत्राचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या साधारण तीन ते पाच टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही, म्हणून जेमतेम आठ-दहा ग्रॅमच्या पर्णवटवट्याच्या पायात आजही ते जुने कडेच चढते.