तरंगत्या शहराचा ट्रेलर आणि ‘गेमप्ले’ या शब्दाचा घोळ

१२ ऑगस्ट २०१० रोजी ‘बायोशॉक इन्फिनिट’ या व्हिडिओ गेमचा पहिला ट्रेलर आला. सुरुवातीचे काही सेकंद पाहणाऱ्यांना वाटलं, पहिल्या ‘बायोशॉक’सारखी पुन्हा समुद्राखालचीच गोष्ट दिसतेय. पाणी होतं, मासे होते, ओळखीचं शिरस्त्राणही होतं. मग कळलं की ते माशांच्या टाकीतलं खेळणं आहे. पुढच्याच क्षणी नायक खिडकीतून बाहेर फेकला जातो आणि खाली जमीन नसतेच, ढगांमध्ये अख्खं शहर तरंगत असतं. २००७च्या त्या पहिल्या खेळातल्या पाण्याखालच्या शहरावर जीव जडलेल्यांपैकी काही जण तिथेच नाराज झाले. बाकीच्यांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला.

तरंगत्या नगराची कल्पना जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वात शाल्वाचं सौभ नगर आकाशात फिरतं. या खेळाचं शहर मात्र खास अमेरिकी आहे. त्याचं कोलंबिया हे नाव स्त्रीरूपात कल्पिलेल्या अमेरिकेचं आहे, आणि त्याच्या रूपावर १८९३च्या शिकागोतल्या जागतिक प्रदर्शनाची छाप आहे. पांढऱ्याशुभ्र इमारती, झेंडे, राष्ट्राभिमानाचा कैफ, सगळं तिथलंच. कथा घडते १९१२मध्ये. ट्रेलर आला तेव्हा अमेरिकेत उजव्या विचारांच्या एका चळवळीची हवा होती. त्यामुळे अनेकांना ते झेंडे आणि घोषणा चालू राजकारणावरची टीका वाटली, आणि काही जण त्यावरून चिडलेही.

पण प्रतिक्रियांचा खरा गुंता वेगळ्याच गोष्टीचा आहे. पहिला ट्रेलर म्हणजे निव्वळ ॲनिमेशन होतं आणि त्याबद्दल कुणाचाही गैरसमज नव्हता. सप्टेंबर २०१०मध्ये सुमारे दहा मिनिटांचा डेमो, म्हणजे खेळाचा नमुना, आला आणि तिथून चर्चेत ‘गेमप्ले’ हा शब्द आला. पेटलेल्या इमारतीसमोर शांतपणे झाडत असलेली बाई, छेडल्याशिवाय अंगावर न येणारी माणसं, शहरभर पसरलेल्या लोखंडी रुळांवर लटकून केलेला प्रवास असं बरंच काही त्यात होतं. जून २०११मध्ये ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात पत्रकारांना बंद दाराआड आणखी मोठा डेमो दाखवला गेला. त्यात नायकाची सोबतीण एलिझाबेथ घायाळ घोड्याला वाचवायला जाते आणि चुकून १९८३च्या रस्त्यावर उघडणारी काळातली फट फाडते. समीक्षकांनी त्या प्रदर्शनातला सर्वोत्तम खेळ म्हणून त्याला निवडलं. बाजारात येण्याच्या जवळपास दोन वर्षं आधी!

‘गेमप्ले’ म्हणजे नेमकं काय? खेळाडूच्या कानाला त्याचा अर्थ सरळ लागतो: मी हे असंच खेळणार. बनवणाऱ्यांच्या बोलीत मात्र त्याच शब्दात तीन-चार गोष्टी कोंबलेल्या असतात. खरोखर कंट्रोलर हातात घेऊन खेळलेला भाग, खेळाच्या इंजिनवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालणारं पण आधीच आखून ठेवलेलं दृश्य, किंवा बाकी खेळ तयार नसताना प्रदर्शनापुरता घासूनपुसून बनवलेला एक तुकडा. तिसरा प्रकार खोटा नसतो. तो त्या दिवशी खरोखर चालत असतो. पण त्याच्या आजूबाजूला शहर नसतं. पाहणारा ते शहर मनात उभं करतो आणि नंतर दुकानात त्याचीच मागणी करतो. ही जबाबदारी पाहणाऱ्याच्या उतावीळपणावर ढकलणं मला पटत नाही. हा फक्त एक तुकडा आहे, अशी पडद्यावर एक ओळ लिहायला काय लागतं?

इन्फिनिटच्या बाबतीत तेच झालं. ऑक्टोबर २०१२ची तारीख फेब्रुवारी २०१३वर गेली आणि शेवटी २६ मार्च २०१३ला खेळ आला. रूळ होते, पण बहुतेक ठिकाणी लढाईच्या मैदानापुरते गोल फिरणारे. लोकांच्या वृत्तीवर अवलंबून असलेला तो अनिश्चित तणाव जवळपास गेला होता. घोड्याचा प्रसंग नव्हता. परीक्षणं तरीही उत्तम आली, कारण जे होतं तेही देखणं आणि धीट होतं. म्हणूनच हा वाद फसवणुकीच्या साध्या आरोपात बसत नाही. वेगळ्या झालेल्या खेळाबद्दलची ती हळहळ आहे, आणि ती रास्त आहे.

याआधी २००५मध्ये ‘किलझोन २’ या खेळाच्या ट्रेलरवरून असाच गदारोळ झाला होता. पण हिशेब मागण्याची वेळ आली ती इन्फिनिटच्या सुमारास. एप्रिल २०१३मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ या खेळाबद्दल तक्रार गेली आणि ट्रेलर अंतिम खेळाशी जुळत नसल्याचं प्रकाशकाने मान्य केलं. पुढे ‘वॉच डॉग्ज’च्या २०१२मधल्या डेमोची आणि २०१४मध्ये आलेल्या खेळाची चित्रं शेजारीशेजारी लावून ‘डाउनग्रेड’, म्हणजे दाखवल्यापेक्षा उतरलेला दर्जा, हा शब्द घरोघरी पोचला. २०१६मध्ये त्याच नियामकाने ‘नो मॅन्स स्काय’च्या जाहिरातींविरुद्धची तक्रार मात्र फेटाळली. त्या खेळातलं विश्व संगणकच रचत जातो, तेव्हा जाहिरातीतलं दृश्य जसंच्या तसं प्रत्येकाला दिसणार नाही, हे ग्राहकाला कळतं, असा त्यामागचा विचार होता.

डिसेंबर २०१२मधला इन्फिनिटच्या मुखपृष्ठाचा वाद तुलनेने लवकर मिटला. खांद्यावर बंदूक टाकलेला नायक पाहून जुने चाहते भडकले, तेव्हा मागच्या बाजूला दुसरं चित्र छापायचं ठरलं आणि ते चाहत्यांच्या मतांवर निवडलं गेलं. समुद्रासाठी हळहळणाऱ्यांनाही उत्तर मिळालं, फक्त उशिरा: नोव्हेंबर २०१३ आणि मार्च २०१४मध्ये आलेल्या दोन पुरवणी भागांची कथा पुन्हा त्याच पाण्याखालच्या शहरात नेलेली होती.