पसारा वस्तूंचा, हिशेब वेळेचा

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो याच्या टेबलावर चुनखडीचे तीन तुकडे होते. त्यांच्यावरची धूळ रोज झटकावी लागते हे लक्षात आल्यावर तो हबकला. डोक्यातलं सामान अजून पुसायचं राहिलंय आणि हे दगड काय पुसत बसायचे, म्हणून वैतागून त्याने ते खिडकीतून भिरकावले. फुकट आलेली वस्तूसुद्धा रोजची दोन मिनिटं मागते, हे इतकं नेमकं फार थोड्यांनी पकडलं असेल.

कमी वस्तूंत जगण्याची शिकवण अर्थात त्याच्याआधी दोन हजार वर्षांपासून चालत आलेली. बौद्ध भिक्खूजवळ तीन चीवरं (अंगावरची वस्त्रं), भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं साधन एवढंच असायचं. जैनांनी तर अपरिग्रहाचं व्रतच केलं. पण तिथे रोख होता आसक्ती सोडण्यावर. साधं राहा म्हणजे मजेत राहाल, असं उघड सांगणारा म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस. इ.स.पू. 306 च्या सुमारास त्याने अथेन्समधल्या एका बागेत आपली शाळा थाटली. एका पत्रात तो मित्राकडे चीजचं छोटं भांडं मागतो, कधी मेजवानीची लहर आली तर हाताशी असावं म्हणून!

पसारा कसा वाढतो, याचं सर्वांत गमतीदार वर्णन मात्र फ्रेंच लेखक देनी दिदरोचं आहे, 1769 मधलं. त्याला घरात घालायला एक भारी, लालभडक झगा मिळाला. जुन्या झग्याच्या टोकाने पुस्तकावरची धूळ पुसता यायची, टाकाची शाई पुसली तरी चालायचं. नव्या झग्याला जपावं लागे. मग त्याच्या शेजारी गवती खुर्ची दरिद्री दिसू लागली, तिथे चामड्याची आली. टेबल बदललं, भिंतीवरची चित्रं बदलली. जुन्या झग्याचा मी मालक होतो, नव्याचा गुलाम झालो, अशी कबुली त्याने दिली. नवा फोन घेतल्यावर कव्हर, काच, इयरफोन अशी रांग लावणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको.

थोरोने 4 जुलै 1845 पासून वॉल्डन तळ्याकाठी दोन वर्षं, दोन महिने राहून कमी वस्तूंत जगण्याचा जमाखर्चच मांडला. दहा बाय पंधरा फुटांची खोली, बांधायचा खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट, खुर्च्या तीन. वस्तूची किंमत म्हणजे तिच्यापायी खर्ची पडलेलं आयुष्य, हे त्याचं माप. वर्षातून सहा आठवडे मजुरी केली की पोट भरतं, असंही त्याने काढलं. (जमीन मित्राची होती आणि आईचं घर चालत जाण्याच्या अंतरावर, हेही सांगायला हवं. संसार नसलेल्याचा हिशेब तो.)

यंत्रांनी वेळ वाचेल ही आशा नंतरची. 1930 मध्ये अर्थतज्ज्ञ केन्सने भाकीत केलं की शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. प्रत्यक्षात काय झालं, ते इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 1983 मध्ये दाखवलं. अमेरिकेत धुलाई यंत्र आलं, तसे बाहेर धुवायला जाणारे कपडे घरात आले, स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या आणि गृहिणीचे तास जवळपास तेवढेच राहिले.

केन्सच्या भाकिताच्या सुमाराची आणखी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ‘स्वेच्छेने साधेपणा’ ही कल्पना 1936 मध्ये मांडणारे अमेरिकन रिचर्ड ग्रेग गांधीजींच्या सहवासात राहिले होते. बाकी सगळं सोडता येईल, पण पुस्तकं सुटत नाहीत, असं त्यांनी गांधीजींना सांगितलं. मग सोडू नका, असं उत्तर आलं. ज्यातून आतून आधार मिळतो ते ठेवावं. कर्तव्य म्हणून टाकलंत तर मन तिकडेच ओढ घेत राहील.

आनंद देईल तेच ठेवा, हे सूत्र पुढे जपानच्या मारी कोंडो यांनी 2011 पासून जगभर नेलं. कपाटं रिकामी झाली, आणि ती आवरण्यासाठी नवे खोकेही विकले जाऊ लागले. 2023 च्या जानेवारीत, तीन मुलांची आई झालेल्या कोंडो यांनी सांगून टाकलं की आता आपल्या घरात पसारा असतो, आवराआवर बरीचशी सोडून दिली आहे. तो वेळ त्या मुलांना देतात.