बचाव उत्खनन (मराठवाडा)

धरण, कालवा, रस्ता किंवा लोहमार्गामुळे नष्ट होणाऱ्या प्राचीन स्थळाची काम सुरू होण्याआधी केलेली खोदाई आणि नोंद. भारतातले मोठे उदाहरण कृष्णाकाठच्या नागार्जुनकोंड्याचे. तेथे १९५४ ते १९६० या काळात बुडणारे खोरे खणले गेले आणि काही वास्तू हलवून टेकडीवर उभारल्या. ती टेकडी आज बेट आहे. मराठवाड्यात जायकवाडी धरण (१९७६) सातवाहनांच्या प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला, लागूनच आहे.

पाहणीत आधी जलाशयाच्या पूर्ण संचय पातळीची, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर येईल तिथली, रेषा गावनकाशावर उतरवतात, मग तिच्या आतल्या पांढरी शोधतात. शेतजमीन ती काळी, वस्तीची ती पांढर. राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचून ती फिकट होते. हीच माती गढीला, धाब्याच्या घरांना आणि शेतात खत म्हणून नेली गेल्यामुळे बरीच टेकाडे एका अंगाने कापलेली सापडतात. हा कडा थापीने तासला की थर उघडे दिसतात. वेळ कमी असेल तर पहिला दिवस इथेच द्यावा.

खोदाईसाठी साधारण १० × १० मीटरचे चौकोन आखतात आणि दोन चौकोनांमध्ये १ मीटरची भिंत न खणता ठेवतात. थरांचा क्रम या भिंतीवरच वाचायचा असतो. मुदत अपुरी असेल तर निदान एक खड्डा वस्तीआधीच्या कोऱ्या मातीपर्यंत न्यावाच, नाहीतर वस्ती कधी सुरू झाली हे कळत नाही. खापरे थरवार वेगळ्या पिशव्यांत भरतात. चिठ्ठी आत एक, बाहेर एक, कारण बाहेरची पुसली जाते. कोळसा हाताने न उचलता थापीच्या टोकाने ॲल्युमिनियमच्या वर्खात घेतात. चुलीतली राख बादलीभर पाण्यात सोडली की जळकी धान्ये वर तरंगतात आणि बारीक चाळणीवर गोळा होतात.

सर्वांत फसवी असते काळी माती. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि वरच्या थरातली काचेची बांगडी जुन्या थरात उतरते. विसंगत वस्तू दिसली की आधी भोवतालची माती दाबून पाहावी. भेगेतली किंवा घुशीच्या बिळातली भर सैल लागते. वैशाखात वाळलेले कडेही ढासळतात, म्हणून थरांचे रेखाटन त्याच दिवशी उरकावे.

देऊळ हलवताना प्रत्येक दगडाला नकाशावरचा क्रमांक देऊन शिखराकडून खाली उतरवतात. पायाखालची जागा खणायची मात्र राहून जाते, आणि आधीच्या बांधकामाचा पुरावा तिथेच असतो.

पाण्याखाली जाणाऱ्या जागांकडे निदान लक्ष तरी जाते. भरावाच्या मातीखाणी, कालवे आणि नवी गावठाणे जलाशयाच्या रेषेबाहेर असल्यामुळे तिथल्या पांढरी नोंदीविनाच खरडल्या जातात, आणि ही हानी टाळता येण्यासारखी आहे. काठावर पाण्याची चढउतार बारीक माती धुऊन नेते आणि सगळ्या काळांची खापरे एकाच पातळीवर येऊन पडतात. पाणी ओसरल्यावर ती वेचली तर वस्ती होती एवढे समजते, तिचा क्रम लागत नाही.