मुळांनी भरलेल्या कुंडीतील झाडाचे पुनरुज्जीवन

कुंडीत मुळांना जागा न उरल्याने खुंटलेल्या झाडाची मुळे मोकळी करून, छाटून व माती बदलून त्याला पुन्हा वाढीस लावण्याची पद्धती. रोपवाटिकांत तिला सरसकट 'रिपॉटिंग' म्हणतात. परंतु कुंडी बदलणे हा तिचा एक भाग होय. मुळांना हात न लावता झाड मोठ्या कुंडीत ठेवल्यास दोष तसाच राहतो.

कुंडीलागवडीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ईजिप्तमधील दैर अल-बहरी येथील हत्शेप्सुत राणीच्या मंदिरात (इ. स. पू. सु. १५ वे शतक) पुंट देशाहून आणलेली सुगंधी डिंकाची झाडे टोपल्यांतून वाहून नेताना कोरली आहेत. काही अभ्यासक हाच आद्य पुरावा मानतात. तथापि शिल्पात दिसते ती वाहतुकीची सोय. टोपलीत कायम वाढविलेले झाड नव्हे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लंडनचा डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड याच्या झाडे वाढविण्याच्या बंद काचपेटीनंतर (सु. १८२९) घरात झाडे ठेवण्याची आधुनिक प्रथा बळावली.

कुंडीच्या भिंतीला टेकलेले मूळ वळते आणि भिंतीलगत वेटोळे घालते. जाड झाल्यावर ते त्याच आकारात राहते. अशा झाडाची वाढ का खुंटते, यावर दोन मते आहेत. पहिले मत पाणी व अन्नद्रव्यांच्या तुटवड्याला कारण मानते. दुसऱ्यानुसार मुळांची वाढ अडल्याने पानांत तयार झालेली साखर पुरेशी वापरली जात नाही व प्रकाशसंश्लेषणच मंदावते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात कुंडीचे आकारमान दुप्पट केल्यावर झाडाचा जैवभार सरासरी ४३ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले आणि लहान कुंडीत वाढ घटण्याचे मुख्य कारण प्रकाशसंश्लेषणातील घट हे असल्याचे दिसले. त्यामुळे अशा झाडाला नुसते खत घालत राहणे पुरेसे ठरत नाही. भरपूर शेणखत मिळूनही झाड तसेच राहते.

कोल्हापूर परिसरात मातीचा प्रश्न वेगळा आहे. पंचगंगेच्या खोऱ्यातील काळी माती चिकण, ओली होताच फुगणारी व वाळताना आकसणारी आहे. मार्च ते मे या काळात कुंडीतील अशी माती भिंतीपासून सुटून फट पडते. घातलेले पाणी त्या फटीतून थेट खालच्या बशीत उतरते आणि मुळांचा गोळा आत कोरडाच राहतो. बशीत पाणी दिसल्याने झाड भिजले असा समज होतो, हे दुर्लक्षाचे सर्वांत फसवे रूप होय. पन्हाळा-राधानगरीकडील जांभ्याची लाल माती निचऱ्याला सरस असल्याने तीत गांडूळखत व कोकोपीट मिसळलेले मिश्रण इष्ट. साखर कारखान्यांतील प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) पूर्ण कुजलेले असेल तरच वापरावे. ताजे असल्यास ते कुजताना तापते.

मुळे छाटून माती बदलण्याचे काम वळवाच्या सरींनंतर, पावसाळ्याच्या तोंडाशी करणे सोयीचे. हवेतील दमटपणामुळे छाटलेल्या मुळांवर ताण कमी पडतो. कुंडी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी, मग आडवी करून कडेवर थापट्या माराव्यात. छिद्रातून बाहेर आलेले मूळ अडत असेल तर कापावे. खोड धरून ओढू नये. गोळा बाहेर आला की तळाशी मुळांची चटईसारखी जाळी दिसते. निरोगी मूळ पांढरट व टणक असते. कुजलेले तपकिरी असते. चिमटीत ओढल्यास त्याची साल निसटते आणि आतला दोरा हातात राहतो. असे सर्व मूळ काढून टाकावे. मनीप्लांट, स्पायडर प्लांट व स्नेक प्लांट (सॅन्सेव्हिएरिया; अलीकडे ड्रॅसीना प्रजातीत समाविष्ट) बाहेरील वेटोळ्यांची छाटणी सहज सोसतात. ताडवर्गात मुळे कापण्याचा परिणाम जातीनुसार फार बदलतो, म्हणून अरेका पामचा गोळा फोडू नये.

नवी कुंडी जुनीपेक्षा २ ते ५ सेंमी. अधिक रुंद पुरे; फार मोठ्या कुंडीतील न वापरलेली माती ओलीच राहून मुळे कुजवते. तळाशी खड्यांचा थर देण्याची जुनी रीत निचरा वाढवत नाही: बारीक मातीतले पाणी जाड थराच्या सीमेवर अडते आणि ओला पट्टा वर सरकतो. छिद्रावर एक खापरी पुरते. खोड पूर्वीइतक्याच खोलीवर ठेवून पाणी द्यावे. नंतर दोन आठवडे सावली व सुमारे महिनाभर खत वर्ज्य. या काळात काही जुनी पाने पिवळी पडून गळतात; नवा कोंब येत असेल तर चिंता नको. सर्व मुळे कुजली असतील, तर मनीप्लांटसारख्या वेलीचे पेरासह कलम करून नवे रोप लावणे हाच मार्ग उरतो.